विमानांची स्केल मॉडेल्स: नवी किट्स आणि डिटेलिंगचं साहित्य, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लॅस्टिकची विमानं जोडणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे नवख्यांचे, पुढचे अडचणीचे. उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक आला तर तिकडे जाऊन या, कारण एकच गोष्ट दोनदा लिहायची टाळली आहे.

१. १/७२, १/४८, १/३२ म्हणजे नक्की काय? मी कुठलं प्रमाण घ्यावं?

१/७२ म्हणजे खऱ्या विमानाचे ७२ इंच मॉडेलवर १ इंच होतात. हे आकडे विचित्र वाटतात, कारण ते फूट-इंचाच्या हिशोबातून आले आहेत: १/७२ मध्ये ६ फुटांना १ इंच, १/४८ मध्ये फुटाला पाव इंच. १९३६ साली फ्रॉग कंपनीची पेंग्विन मालिका १/७२ मध्ये आली आणि ते प्रमाण आजवर टिकलं.

स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर. म्हणजे १/७२ मध्ये साधारण १५.५ सेंमी, १/४८ मध्ये २३.५ सेंमी आणि १/३२ मध्ये ३५ सेंमी. एवढ्याने अंदाज येत नसेल तर बी-१७ बॉम्बर घ्या: १/७२ मध्ये ४४ सेंमी, १/४८ मध्ये ६६ सेंमी. १/७२ वरून १/४८ वर गेलं की लांबी दीडपट होते, पण घनफळ तिपटीहून जास्त वाढतं. कपाटात जागा किती लागणार हे लोकांना इथेच कळत नाही.

माझं मत सरळ आहे. एक इंजिनवालं लढाऊ विमान १/४८ मध्ये, बॉम्बर १/७२ मध्ये, प्रवासी विमान १/१४४ मध्ये. बोइंग ७४७-४०० सुद्धा १/१४४ मध्ये ४५ सेंमी रुंद होतं. १/३२ सुंदर असतं, पण तीन-चार मॉडेल्सनंतर ती ठेवायची कुठे हा प्रश्न उभा राहतो.

२. पहिलंच किट घेतोय. कुठलं घेऊ?

एक इंजिन, एकपंखी, शेपटीखाली चाक असलेलं आणि अलीकडच्या साच्यातलं विमान घ्या. एअरफिक्सची १/७२ मधली छोटी सुरुवातीची संचकिट्स रंग, ब्रश आणि गोंदासकट येतात. थोडा जास्त खर्च चालत असेल तर टामियाचं १/४८ मधलं २०१८ चं स्पिटफायर एमके वन किंवा त्याच वर्षीचं मेसरश्मिट १०९ जी-६ घ्या. या दोन्हींचे भाग इतके नेमके बसतात की पुट्टी जवळपास लागत नाही.

दुपंखी विमान (प्रश्न २१), उघड्या धातूच्या रंगाचं विमान (प्रश्न २०) आणि नाकाखाली चाक असलेलं विमान (प्रश्न १४) तूर्त बाजूला ठेवा. आवडीचं विमान राफेल असलं तरी पहिल्या दिवशी राफेल जोडायला घेऊ नका. ते पाचव्या-सहाव्या मॉडेलसाठी राखून ठेवा.

३. बॉक्सवर 'न्यू' छापलंय, पण जाणकार म्हणतात आतलं किट जुनंच आहे. हे कसं?

'न्यू' या शब्दाचा अर्थ कंपनी आपल्या सोयीने लावते. खरं नवं किट म्हणजे नव्याने कापलेला साचा. नवं चित्र, नवे डेकल (पाण्यात सोडवून चिकटवायची छापील चिन्हं) किंवा जुन्या साच्यात एक जादा फ्रेम (सुटे भाग ज्या चौकटीला चिकटून येतात ती) एवढ्यावरही बॉक्सवर 'न्यू' छापलं जातं. शिवाय कंपन्या एकमेकींचं प्लॅस्टिक आपल्या बॉक्समध्ये विकतात. टामियाच्या १/७२ मालिकेत इटालेरीची किट्स आली आहेत, रेव्हेलच्या बॉक्समध्ये हासेगावाची, आणि एडुअर्डच्या मर्यादित आवृत्तीतल्या फँटममध्ये अकॅडमीचं प्लॅस्टिक. यात फसवणूक आहे असं नाही, कारण एडुअर्ड ते जाहीरपणे सांगते. पण घेणाऱ्याला माहीत असलेलं बरं.

तपासायचं कसं? स्केलमेट्स या संकेतस्थळावर किटचा क्रमांक टाका. तो साचा कुठल्या वर्षी निघाला आणि कुठल्या कुठल्या बॉक्समध्ये फिरला याची अख्खी वंशावळ दिसते. बॉक्सच्या कडेला छापलेल्या वर्षावर जाऊ नका, ते छपाईचं असू शकतं. फ्रेमचा फोटो मिळाला तर पॅनेलच्या रेषा (विमानाच्या पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या) बघा. उठावदार रेषा असतील तर साचा बहुधा जुन्या पिढीतला.

४. नवा साचा म्हणजे मापाने अचूक, असं धरायचं का?

नाही. एडुअर्डने २०१४ मध्ये काढलेलं १/४८ मेसरश्मिट १०९ जी-६ तपशिलाने देखणं होतं, पण मापाने मोठं निघालं. कंपनीने २०१६ मध्ये तेच विमान नव्या साच्यात पुन्हा काढलं. म्हणून नवं किट बाजारात आल्याआल्या झडप घालण्यापेक्षा कुणीतरी धड आणि पंख कोरडे, म्हणजे गोंदाशिवाय, जोडून मापं घेईपर्यंत थांबावं. अर्थात ३० सेंमी लांबीत एका मिलिमीटरची चूक असेल तर ती फक्त कॅलिपर हातात घेतलेल्यालाच दिसते. त्यावर रात्री जागवू नयेत.

५. एडुअर्डची प्रोफीपॅक, वीकेंड आणि ओव्हरट्रीज यांत फरक काय?

प्लॅस्टिक एकच. प्रोफीपॅकमध्ये त्यासोबत रंगीत फोटोएच (रसायनाने कोरलेले धातूच्या पातळ पत्र्याचे भाग), कॅनॉपीचे, म्हणजे कॉकपिटवरच्या काचेचे, मास्क (रंगवताना काच झाकायचे कापीव तुकडे) आणि चार-पाच किंवा जास्त विमानांचे डेकल असतात. वीकेंडमध्ये प्लॅस्टिक आणि मोजके डेकल. ओव्हरट्रीज म्हणजे नुसत्या फ्रेम: सूचनापत्रक नाही, डेकल नाहीत. एकाच विमानाची तीन-चार मॉडेल्स करायची असतील तर एक प्रोफीपॅक आणि बाकी ओव्हरट्रीज असा हिशोब जमतो. पहिलंच मॉडेल असेल तर वीकेंड पुरे.

६. 'शॉर्ट रन' किट म्हणजे काय? घ्यावं का?

कमी संख्येने काढलेलं किट. मोठ्या कंपन्या कडक पोलादात साचा कापतात, तो महाग पण टिकाऊ. फारसं न खपणारं विमान काढताना छोट्या कंपन्या स्वस्त साचा वापरतात. त्याचे परिणाम हातात आल्यावर लगेच कळतात: जोडाच्या खुंट्या नसतात, फ्रेमला चिकटलेली टोकं जाड असतात, कडेला पापुद्रा सुटलेला असतो. पण बाजारात दुसरं कुणी ते विमान काढलेलंच नसतं, हे त्यांचं बलस्थान.

चार-सहा साधी किट्स झाल्यावर जरूर घ्या. प्रत्येक भाग गोंदाआधी कोरडा जोडून बघायचा, पंखात पितळी तारेची खुंटी स्वतः घालायची, आणि पुट्टीचा डबा जवळ ठेवायचा.

७. हत्यारं कोणती लागतात?

एका बाजूने सपाट धारेचा स्प्रू कटर (फ्रेममधून भाग कापायचा), पातळ पात्याची सुरी, टोकदार चिमटा, ४०० पासून २००० पर्यंतचे पॉलिश पेपर, मास्किंग टेप. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारा) नंतर घेतला तरी चालतो. घ्याल तेव्हा ०.३ मिमी नोझलचा घ्या, तो जवळपास सगळी कामं करतो. फोटोएच वाकवायचं हत्यार मात्र पहिला मोठा संच घेईपर्यंत लागत नाही.

८. गोंद किती प्रकारचे ठेवायचे?

चार, आणि प्रत्येकाचं काम वेगळं.

प्लॅस्टिकला प्लॅस्टिक जोडायला पातळ सिमेंट, म्हणजे टामियाच्या हिरव्या झाकणाच्या बाटलीसारखं. ते चिकटवत नाही, प्लॅस्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतं. भाग आधी जुळवून धरायचे आणि ब्रशचं टोक फटीला टेकवायचं. द्रव आपोआप फटीत शिरतो. बोट फटीवर असेल तर बोटाचा ठसा कायमचा उमटतो.

रेझिन (द्रव साच्यात ओतून घट्ट केलेला पदार्थ, डिटेलिंगचे बरेच भाग याचे असतात) आणि धातूवर या सिमेंटचा काहीच परिणाम होत नाही. तिथे सायनो, म्हणजे झटपट गोंद. जड भागांना आणि वजनाच्या गोळ्यांना दोन भागांचं इपॉक्सी. पारदर्शक भागांना पांढरा पीव्हीए गोंद, कारण सायनोच्या वाफेने काच धुरकट होते (प्रश्न १५).

९. डिटेलिंगचे, म्हणजे किटवर वरून लावायच्या जास्त बारीक भागांचे, इतके संच निघतात. त्यातलं खरोखर काय घ्यावं?

हा सर्वात जास्त येणारा प्रश्न. माझी कसोटी एकच: धड बंद झाल्यावर, मॉडेल कपाटात ठेवल्यावर ती गोष्ट दिसणार का? दिसणार असेल तर घ्या.

या कसोटीवर आधी उतरतात त्या बारीक, बाहेर आलेल्या गोष्टी. पिटो ट्यूब (विमानाचा वेग मोजायची बाहेर आलेली नळी) आणि मशीनगनच्या नळ्या प्लॅस्टिकमध्ये एकतर जाड असतात किंवा सॅंडिंग करताना मोडतात. पोलंडच्या मास्टर कंपनीच्या लेथवर काढलेल्या पितळी नळ्या सरळ असतात आणि नळीच्या तोंडाला खरं भोक असतं. एवढ्या खर्चात एवढा फरक दुसरी कुठलीच वस्तू पाडत नाही. सर्वात शेवटी लावा, म्हणजे हाताला टोचणार नाहीत आणि वाकणारही नाहीत.

दुसरा क्रमांक सीटबेल्टचा. कॉकपिटमध्ये डोकावणाऱ्याची नजर आधी सीटवर जाते, आणि रिकामी, बेल्ट नसलेली सीट लगेच खटकते. पूर्ण रेझिन कॉकपिट घेण्याऐवजी नुसती छापील बेल्ट बसवलेली सीट घेतली तरी बहुतेक वेळा काम होतं. त्यानंतर चाकं, कारण रेझिनच्या चाकांना मधला सांधा घासावा लागत नाही. जेट असेल तर मागचं एक्झॉस्ट नोझल, कारण किटमधल्या नोझलच्या आत खोलवर सांधा राहतो आणि तिथे पॉलिश पेपर पोचत नाही.

बंद काऊलिंगखालचं (इंजिनावरच्या झाकणाखालचं) इंजिन, पंख पालथा केल्याशिवाय न दिसणारे चाकांचे कप्पे, बंद कॅनॉपीखालचं अख्खं कॉकपिट, हे सगळं मी नव्या किटसाठी घेत नाही. आजच्या नव्या किट्समध्ये बॉक्समध्येच पुष्कळ असतं. टामियाच्या १०९ जी-६ मध्ये इंजिन तर आहेच, वर काऊलिंग काढता-घालता यावं म्हणून चुंबकही दिले आहेत. त्यावर रेझिनचं इंजिन, फोटोएचचा संच, वेगळे कप्पे असं सगळं लादलं की नाकापेक्षा मोती जड. साहित्याचा खर्च किटच्या दुप्पट होतो आणि बरीचशी मॉडेल्स याच टप्प्यावर अर्धवट पडून राहतात.

जुन्या किटचं गणित उलटं. ७० च्या दशकातल्या साच्यात कॉकपिट म्हणजे एक फळी आणि एक खुर्ची. तिथे रेझिनचा संच खरंच कायापालट करतो.

१०. फोटोएच, रेझिन, थ्रीडी प्रिंट: यातलं चांगलं कुठलं?

जी गोष्ट खऱ्या विमानात पत्र्याची आहे ती फोटोएचमध्ये शोभते: बेल्टची बकलं, अँटेना, जाळ्या, झडपांच्या कडा. जिला जाडी आणि गोलाई आहे ती रेझिनमध्ये: सीट, चाक, इंजिनचे सिलिंडर. फोटोएचच्या सपाट लीव्हरला खऱ्या लीव्हरची जाडी कधीच येत नाही, म्हणून फोटोएचचा डॅशबोर्ड मला आता जुनाट वाटतो.

ओतीव रेझिनच्या कामातला बराच भाग आता थ्रीडी प्रिंट घेत चालला आहे. साच्यातून न निघणारे आकार, म्हणजे खालून पोकळ सीट किंवा आरपार नळ्यांची चौकट, त्यात एकाच तुकड्यात होतात. पण ते प्रकाशाने घट्ट झालेलं रेझिन असतं आणि ठिसूळ असतं. आधाराच्या काड्या कटरने करकचून तोडल्या तर भागाचा टवका उडतो. पातळ करवतीने किंवा काडी भागापासून जरा लांब कापून उरलेलं घासून काढा. आणि ते भाग उन्हात ठेवू नका.

११. फोटोएच वाकवताना तुटतं, चिकटवताना उडून जातं. काय करू?

तुटतं कारण पितळ कडक असतं. फ्रेममधून न काढता मेणबत्तीच्या किंवा लायटरच्या ज्योतीवर क्षणभर धरा. रंग बदलला की बाजूला घेऊन गार होऊ द्या. मऊ पडतं आणि सीटवर बेल्टसारखं लोळतं. पण थांबा: कारखान्यातच रंग छापलेल्या फोटोएचला हा उपाय नाही, ज्योतीत रंग जळतो. तिथे बोटाने किंवा चिमट्याने हळूहळू बाक द्यावा लागतो. बेल्ट पातळ स्टीलचा असेल तर तो त्यामानाने सहज वळतो.

उडू नये म्हणून कापताना काचेच्या किंवा टाइलच्या कठीण पृष्ठभागावर ठेवून, वरून मास्किंग टेप लावून कापा. मऊ मॅटवर कापलं की पत्रा वाकतो आणि सुटला की टुणकन जातो. चिकटवताना सायनोचा थेंब भागावर न टाकता तारेच्या टोकाने जागेवर टेकवा. सरकवायला वेळ हवा असेल तर ग्लॉस व्हार्निशवर बसवा. छोट्या, ताण नसलेल्या भागांना ते पुरतं.

१२. रेझिनचं कॉकपिट घेतलं, पण धड बंदच होत नाही. संच चुकीचा आहे का?

आधी संच त्याच किटचा आहे का ते बघा (प्रश्न १३). असेल, तर धडाची भिंत जाड राहिली आहे. बहुतेक किट्सची भिंत एक मिलिमीटरच्या आसपास असते आणि रेझिनचं कॉकपिट त्या भिंतीच्या आतली जागा खाऊन बसवायचं असतं. सूचनापत्रकात घासायची जागा रेषा मारून दाखवलेली असते, पण किती घासायचं ते क्वचितच लिहिलेलं असतं. उत्तर असं: बाहेरून उजेड धरला की भिंत पारभासक दिसेपर्यंत. तिथेच थांबा, पुढे भोक आहे.

ओतकामाचा ठोकळा (ओतताना रेझिन भागाला चिकटून राहिलेला जादा तुकडा) संपूर्ण कापला का तेही तपासा. जमिनीखालचा ठोकळा अर्धा मिलिमीटर जास्त राहिला तरी पंख धडाला बसत नाही. वाकलेला रेझिन भाग गरम पाण्यात धरून सरळ करता येतो. रंगाआधी साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर साच्यातून सोडवायला वापरलेल्या तेलकट थरावर रंग धरत नाही.

घासण्याबद्दल एक गोष्ट गंभीरपणे घ्या. रेझिनची धूळ फुप्फुसांना वाईट. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासा आणि धूळ रोखणारा चांगला मास्क लावा. साधा कापडी रुमाल पुरत नाही.

१३. टामियासाठी काढलेला संच हासेगावाच्या किटला चालेल का?

चाकं, पिटो, बंदुकीच्या नळ्या, सुटी सीट: बहुधा चालतील, भोकाचा व्यास जरा जुळवून. कॉकपिट, चाकांचे कप्पे, काऊलिंग, मास्क: नाही. हे भाग त्या त्या किटच्या भिंतीवर मोजून केलेले असतात. कॅनॉपीचा मास्क तर एका मिलिमीटरच्या भागानेही चुकला की निकामी.

दोन अपवाद लक्षात ठेवा. दुसऱ्या कंपनीच्या बॉक्समधलं तेच प्लॅस्टिक असेल (प्रश्न ३) तर संच निर्धास्त घ्या. आणि उलट, त्याच कंपनीने तेच विमान पुढे नव्या साच्यात काढलं असेल तर जुना संच नव्या किटला बसेलच असं नाही. एडुअर्डच्या १०९ जी-६ ची गोष्ट (प्रश्न ४) इथेही लागू पडते: मोठ्या मापाच्या किटसाठीचा संच दुरुस्त किटच्या धडात कसा मावेल? म्हणून विमानाच्या नावावर नाही, किटच्या क्रमांकावर संच निवडा.

१४. माझं मॉडेल शेपटीवर बसतं. वजन किती आणि कुठे घालू?

नाकाखाली चाक असलेल्या बऱ्याच विमानांचा हा रोग: पी-३८, बी-२४, बी-२५, मेसरश्मिट २६२. वजन मुख्य चाकांच्या रेषेच्या पुढे आणि शक्य तितकं नाकात घालायचं. पुढे गेलं की कमी पुरतं. धड आणि पंख टेपने जोडून, मुख्य चाकांच्या जागी पट्टीवर तोलून बघा आणि नाक खाली जाईपर्यंत वजन वाढवा. वर थोडं जास्त घाला, कारण शेपटीकडे रंग आणि पुट्टी अजून चढायची आहे. टामियाच्या १/४८ पी-३८ मध्ये पोलादी गोळ्या बॉक्समध्येच येतात. बाकी कंपन्यांनी हा धडा घ्यायला हरकत नाही.

शिशाच्या छऱ्यांवर पीव्हीए गोंद ओतू नका. काही वर्षांत शिसं गंजून फुगतं आणि नाकाचा सांधा उकलतो. इपॉक्सी वापरा. वजन जास्त झालं तर प्लॅस्टिकचे पाय हळूहळू पसरतात, तिथे पितळी पाय घ्या. पांढऱ्या धातूचे पाय मऊ असतात आणि किटच्या पायांपेक्षा मजबूत असतीलच असं नाही.

१५. कॅनॉपी धुरकट झाली, शिवाय मधोमध रेष आहे. फेकून देऊ?

नाही. एफ-१६, एफ-१५ सारख्या विमानांची कॅनॉपी खाली आत वळते, त्यामुळे साचा मधोमध दुभागावा लागतो आणि रेष पडते. तो दोष नाही, आकार बरोबर असल्याची खूण आहे. २००० च्या पेपरने सुरू करून १२००० पर्यंतच्या पॉलिशिंग कापडाने ओलं घासत जा, शेवटी पॉलिश. मध्ये एक वेळ अशी येते की कॅनॉपी पूर्ण पांढरी दिसते आणि धीर सुटतो. पुढे जात राहा. सायनोचा धूरही याच मार्गाने जातो. शेवटी पारदर्शक ॲक्रिलिक व्हार्निशमध्ये बुडवून उभी वाळवली की काच चकाकते.

१६. मास्क व्हिनाइलचे घ्यावे की कागदी टेपचे?

कॅनॉपीवर जपानी कागदी टेपचेच, ते गोलाईवर बसून राहतात. व्हिनाइल वक्र जागी काही तासांत कडेने उचललं जातं. सपाट पंखावर चिन्हं किंवा आकडे रंगवायचे असतील तर व्हिनाइल उत्तम, कडा जास्त तीक्ष्ण येते. कॅनॉपीवर आधी आतल्या चौकटीचा रंग मारा, मग बाहेरचा. आतून बघणाऱ्याला तोच दिसतो.

१७. डेकलखाली चंदेरी चमक येते. आणि जुने डेकल पिवळे पडलेत, त्यांचं काय?

चंदेरी चमक म्हणजे डेकलखाली अडकलेली हवा. मॅट रंग खडबडीत असतो, त्या खळग्यांत हवा राहते. म्हणून आधी ग्लॉस कोट, मग डेकल, मग मायक्रो सोल किंवा मिस्टर मार्क सॉफ्टर यांसारखा सॉफ्टनर, म्हणजे डेकल मऊ करणारा द्रव. सॉफ्टनर लावल्यावर डेकल सुरकुततो. हात लावू नका, वाळताना तो स्वतःच बसतो. चमक आलीच तर सुईने टोचून पुन्हा सॉफ्टनर.

एडुअर्डच्या अलीकडच्या डेकलवरची पारदर्शक फिल्म लावल्यानंतर काढूनही टाकता येते. डेकल पूर्ण वाळल्यावर व्हाइट स्पिरिटने फिल्म सैल करून चिमट्याने सोलतात. आधी नको असलेल्या डेकलवर सराव करा.

पिवळे डेकल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला काही दिवस टेपने लावा. पिवळेपणा बराच जातो. पण डेकल खूप जुना असेल तर पाण्यात तुकडे होतात. आधी वरून डेकल फिल्मचा द्रव फिरवा.

१८. थ्रीडी डेकल हे साध्या डेकलसारखेच लावायचे का?

पाण्यात सोडवण्यापुरते. क्विंटा स्टुडिओचे डॅशबोर्ड किंवा एडुअर्डचे स्पेस संच शाईचे थर एकावर एक चढवून बनतात, त्यांना खरी जाडी असते. सॉफ्टनरने ते वाकून बसणार नाहीत. किटमधल्या डॅशबोर्डवरचा उठाव आधी सपाट घासून टाका, रंग मारा, आणि पीव्हीए गोंदाच्या पातळ थरावर बसवा. फोटोएचच्या डॅशबोर्डला आज मी याहून चांगला पर्याय बघत नाही. कॉकपिट रंगवायची भीती वाटणाऱ्यांनी तर दुसरं काही घेऊच नये.

१९. पॅनेलच्या रेषा आणि रिव्हेट किती खोल असावेत? मी सगळे रिव्हेट स्वतः मारू का?

हिशोब करून बघा. १/७२ मॉडेलवर ०.२ मिमी रुंदीची रेष म्हणजे खऱ्या विमानावर १४ मिमीची फट. अशा फटी असलेलं विमान कुणी उडवणार नाही. ३ मिमीचं रिव्हेटचं डोकं १/७२ मध्ये ०.०४ मिमी होतं, डोळ्याला दिसणारच नाही. थोडक्यात, रिव्हेट मारणं हा मापाचा नाही, शोभेचा प्रकार आहे. १/३२ आणि १/४८ वर ते छान दिसतं, १/७२ वर मला पुरळ उठल्यासारखं वाटतं.

रेषांमध्ये काळा वॉश, म्हणजे अगदी पातळ केलेला रंग, भरण्याची घाईही नको. विमानाच्या रंगापेक्षा दोन छटा गडद वॉश पुरतो. ॲक्रिलिक किंवा लॅकर रंगावर इनॅमल वॉश चालतो, इनॅमल रंगावर नाही. खालचा रंग सुटतो.

२०. उघड्या धातूची मस्टँग करतोय. पंखावरचे रिव्हेट ठळक करू ना?

करू नका. पी-५१ च्या, म्हणजे मस्टँगच्या, पंखावरून हवा गुळगुळीत वाहावी म्हणून पुढच्या भागातले सांधे आणि रिव्हेट कारखान्यातच पुट्टीने भरून घासत आणि पंखाला चंदेरी रंग देत. उघडा धातू धडावर. म्हणजे धड चकाकतं आणि पंख त्यामानाने फिका, सपाट चंदेरी. पंखाच्या पुढच्या भागातल्या रेषा पुट्टीने बुजवायच्या, बंदुका आणि दारूगोळ्याची झाकणं तेवढी ठेवायची. हल्ली उडणाऱ्या जुन्या मस्टँगचे फोटो बघून फसू नका, मालकांनी पंखही आरशासारखे घासलेले असतात.

धातूच्या रंगाखाली ग्लॉस काळा थर हवा आणि त्यावर एक ओरखडाही नको. इतर रंग चुका झाकतात, हा त्या मोठ्या करून दाखवतो.

२१. दुपंखी विमानाच्या तारा कशाने करू?

ताणणारा लवचिक धागा सर्वात सोपा: मॉडेलला धक्का लागला तरी तुटत नाही आणि सैल पडत नाही. मासेमारीचा बारीक नायलॉनही चालतो, पण जास्त ओढलं तर पंख वाकतात. पहिल्या महायुद्धातल्या एसई-५ए सारख्या ब्रिटिश विमानांच्या तारा गोल नव्हत्या, चपट्या होत्या; त्यासाठी फोटोएचच्या पट्ट्या शोभतात. जर्मन विमानांच्या तारा गोल. वरचा पंख बसवण्याआधीच दोन्ही पंखांत भोकं पाडून ठेवा, रंगवून झाल्यावर ड्रिल आत जात नाही.

२२. महागाचं जेट घेतलं आणि बॉक्समध्ये क्षेपणास्त्रंच नाहीत. भाग हरवलेत का?

हासेगावाचं असेल तर बहुधा नाहीत. त्यांच्या पुष्कळ जेट किट्समध्ये शस्त्रं देत नाहीत, ती वेगळ्या संचांत विकतात. घेण्याआधी सूचनापत्रकाचा फ्रेमचा तक्ता बघा. खरोखर एखादी फ्रेम कमी असेल तर पिशव्या न कापता फोटो काढा आणि बॉक्सवरचा क्रमांक ठेवून कंपनीकडे मागा.

२३. काही वर्षांपूर्वी केलेल्या मॉडेलची चाकं रबरी होती. आता चाकाचं रिम विरघळल्यासारखं दिसतंय. हे काय?

मऊ व्हिनाइल टायरमधलं रसायन हळूहळू बाहेर झिरपतं आणि पॉलिस्टायरीन खातं. सगळ्याच टायरांना होत नाही, पण झालं की परतीचा मार्ग नाही. रंगाचा थर मध्ये असला तरी खात्री नाही. बॉक्समध्ये व्हिनाइल टायर दिसले की ते बाजूला काढून रेझिनची चाकं लावावीत. आणि न उघडलेल्या बॉक्समध्येही ते टायर प्लॅस्टिकला चिकटून ठेवू नका, वेगळ्या पिशवीत घाला.

२४. जर्मन विमानाच्या शेपटीवरचं चिन्ह डेकलवर दोन तुकड्यांत दिलंय, एका किटमध्ये तर नाहीच. छपाईची चूक आहे का?

चूक नाही. जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६अ नुसार नाझींच्या चिन्हांच्या प्रदर्शनावर आणि वितरणावर बंधनं आहेत. त्यामुळे तिथे विकायच्या किट्समध्ये कंपन्या ते चिन्ह गाळतात, किंवा दोन-चार तुकड्यांत देतात म्हणजे डेकलच्या कागदावर ते पूर्ण दिसत नाही. बॉक्सवरच्या चित्रातही शेपटी त्यासाठीच रिकामी असते. १९४० च्या दशकातलं विमान ऐतिहासिक अचूकतेने करायचं असेल तर तुकडे जुळवावे लागतात: आधी एक तुकडा बसवून वाळू द्या, मग दुसरा, कारण दोन्ही ओले असताना एक सरकवला की दुसराही सरकतो. चिन्ह अजिबात नसेल तर इतर कंपन्यांच्या डेकल संचात ते सुटं मिळतं. लावायचं की शेपटी रिकामी ठेवायची हे ज्याचं त्याने ठरवावं. मॉडेल प्रदर्शनात ठेवणार असाल तर त्या ठिकाणचे नियम आधी विचारून घ्या.